नंदनवनात पाणी आलं तेव्हा

मी काय काम करते हे मला नागपुरात कोणालाच नीट समजावता आलेलं नाही. ‘विमा’ म्हटलं की समोरचा माणूस सावध होतो. त्याला वाटतं, आता ही पॉलिसी गळ्यात मारणार. मी पॉलिसी विकत नाही. पूर, वादळ, गारपीट, भूकंप कुठे येऊ शकतात, किती जोराचे येऊ शकतात, आणि आले तर कोणत्या घराचं किती नुकसान होईल, याचा अंदाज बांधणारी मॉडेलं करणं हे माझं काम. ती मॉडेलं विमा कंपन्या वापरतात. माझ्या वाट्याला पूर आहे. म्हणजे मी संगणकात पाऊस पाडते. पडून गेलेला नव्हे, पडू शकला असता असा. हजारो वर्षांचा पाऊस, एकामागून एक पावसाळा. मग ते पाणी नकाशावर सोडायचं, ते कोणत्या नाल्याने कुठे जातं ते बघायचं, आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येक घरापुढे नुकसानीचा एक आकडा ठेवायचा. त्या घरांत कोणी राहत नसतं. घर म्हणजे नकाशावरचा ठिपका. विटांचं की पत्र्याचं, एक मजल्याचं की दोन, एवढंच त्याच्याबद्दल माहीत असतं.

हे काम मी बरीच वर्षं हैदराबादला राहून केलं. मग नागपूरला आई आजारी पडली. वडील आधीच गेले होते, भाऊबहीण कोणी नाही. ऑफिसने घरून काम करायची परवानगी दिली आणि मी सामान घेऊन नंदनवनातल्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये आले. आई दीड वर्ष अंथरुणावर होती. ती गेल्यावर सगळ्यांनी विचारलं, आता परत जाशील ना? मीही हो म्हणत होते. पण हैदराबादेतलं भाड्याचं घर सोडून झालं होतं, तिथल्या मैत्रिणी कोणी बंगळुरूला, कोणी कॅनडाला गेल्या होत्या. परत जायचं तर कोणाकडे, हे काही सुचेना. काम काय, कुठूनही होत होतं. म्हणून राहिले.

सकाळी दहाला लॅपटॉप उघडायचा. हैदराबादची माणसं, दुपारनंतर लंडनची माणसं. सगळी चांगली होती, पण सगळी पडद्यावरच्या चौकोनात होती. दिवसभर इंग्रजीत बोलायचं आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन ‘अर्धा लिटर द्या’ म्हणायचं. कधीकधी परत येताना जिन्यात लक्षात यायचं की आज मराठीत आपण एवढंच बोललो. एकदा मला चार दिवस ताप होता. मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून बसायचे. ताप उतरला, कॅमेरा सुरू केला, आणि मधल्या काळात काही झालं होतं हे कोणालाच कळलं नाही. दोष त्यांचा नव्हता. मी सांगितलंच नव्हतं. आईची खोली मी बंद ठेवली होती. झाडायला एक खोली कमी, असं स्वतःला सांगायचे.

आमची इमारत छोटी आहे. वर मी, माझ्यासमोरचा फ्लॅट कुलूपबंद, त्याचे मालक परदेशात. खाली एका बाजूला पार्किंग आणि दुसऱ्या बाजूला एकच घर. त्या घरात एक गृहस्थ राहायचे, त्यांना मी काका म्हणायचे. सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत त्यांनी उभं आयुष्य डंपर चालवला होता. निवृत्त झाल्यावर नवराबायको नागपूरला आले, आणि काकू काही वर्षांत गेल्या. एकुलता एक मुलगा पुण्यात. डंपरच्या आवाजाने काकांचे कान गेलेले, त्यामुळे ते फार मोठ्याने बोलायचे, आणि दुसरेही बहिरे असावेत अशा समजुतीने प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचे. कानाला यंत्र होतं, पण घरात ते काढून ठेवायचे. यंत्र घातलं की पंख्याचाच आवाज येतो, अशी त्यांची तक्रार होती.

आई होती तोवर ते अधूनमधून चौकशीला वर यायचे, दारातूनच विचारपूस करून परत जायचे. ती गेल्यावर आमचं बोलणं जिन्यापुरतंच उरलं. त्यात एकदा त्यांनी मला थांबवलं.

“तू इन्शुरन्समंधी आहे म्हणे? मले पॉलिसी नोको वं पोरी, आधीच सांगून ठेवतो.”

मी त्यांना माझं काम सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

“म्हणजे पाऊस कधी येईन, ते तू सांगते?”

“नाही काका. कधी ते नाही सांगता येत. एखाद्या ठिकाणी एवढा मोठा पाऊस साधारण किती वेळा येऊ शकतो, तेवढंच.”

“मंग छत्री न्यायची का नाई, ते कसं समजन?”

“ते नाही समजणार.”

त्यांनी थोडा विचार केला. “चांगली नोकरी आहे,” म्हणाले आणि दूध घेऊन आत गेले.

ज्या दिवशी आमच्याकडे पाणी आलं त्या दिवशी पहाटे मला शांततेने जाग आली. फ्रिज बंद पडला होता, पंखा बंद होता. पाऊस आदल्या संध्याकाळपासून लागलेला, पण आता त्याचाही आवाज कमी झाला होता. नुसता एक सळसळ असा आवाज खालून येत होता. मी गॅलरीत गेले. खाली रस्ता नव्हता. चहाच्या रंगाचं पाणी होतं आणि ते चालत होतं. समोरच्या घराच्या दोन स्कूटर आडव्या होऊन एकमेकींना टेकल्या होत्या. एक प्लास्टिकची खुर्ची संथपणे गल्लीतून निघून गेली.

मी नोकरीला लागल्यापासून पूर बनवत होते, पण पूर पहिल्यांदा बघत होते. आणि मला आलेला पहिला विचार असा होता की पाणी डावीकडून यायला नको होतं. नाग नदी आमच्या मागच्या अंगाला, मग पाणी मागून यायला हवं. ते गल्लीच्या तोंडाने आत शिरत होतं. मी गॅलरीच्या कठड्याला धरून काही वेळ खरोखर याच गोष्टीचा विचार करत उभी राहिले. मग काका आठवले.

जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या. पाणी गुडघ्याच्या वर आलं आणि थंड होतं. मी त्यांचं दार वाजवलं, हाका मारल्या. काही नाही. ते झोपताना यंत्र काढून ठेवतात हे माहीत होतं, तरी मी ओरडत राहिले. मग वर जाऊन फरशी पुसायचा लांब दांडा आणला आणि पार्किंगच्या बाजूने त्यांच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीशी गेले. गजांतून आत बघितलं तर काका पलंगावर झोपलेले, आणि पाणी गादीच्या अगदी खाली. त्यांच्या चपला खोलीभर फिरत होत्या. मी दांडा गजांतून आत घातला आणि त्यांच्या खांद्याला टोचला. दुसऱ्यांदा जरा जोरात.

ते उठून बसले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “काहून वं? मोटर लावायची राहिली का?”

मग पाय खाली सोडले तेव्हा त्यांना कळलं.

मी पुन्हा दाराशी आले. त्यांनी कडी काढली तसं दार पाण्यासकट त्यांच्या अंगावर आलं. मी त्यांचा दंड धरला. औषधांचा डबा आणि कानाचं यंत्र त्यांनी शर्टाच्या खिशात घातलं. आम्ही जिन्यापर्यंत आलो, तर ते मागे वळले.

“काका, आता काही घेऊ नका. चला.”

“पीठ राहिलं ना. कालच दळून आणलं.”

मी नाही म्हणत असताना ते पुन्हा आत गेले आणि स्वयंपाकघराच्या फळीवरून पिठाचा डबा काढून, तो डोक्यावर धरून बाहेर आले. पाणी तेव्हा त्यांच्या मांडीपर्यंत होतं. जिन्यात बसून ते दम खात होते आणि डबा मांडीवर घट्ट धरला होता. मला हसू आलं, आणि मीही त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

दुपारी पाणी उतरलं. मागे गाळ राहिला. गादी, कपाटाचा खालचा कप्पा, काकूंच्या साड्या, फ्रिज, पलंगाचं लाकूड, सगळं एका रंगाचं झालं होतं. गल्लीत प्रत्येक दारासमोर असाच ढीग लागला. मुलाचा पुण्याहून फोन आला. तो लगेच निघतो म्हणत होता, पण रस्ते बंद होते आणि काका स्पीकरवर ओरडून सांगत होते, “मी वरतं आहो. पोरीकडे आहो. तू कायले धावते?” मुलाने मला विचारलं, चालेल ना? मी हो म्हटलं. आईच्या खोलीचं दार उघडलं, खिडक्या उघडल्या, जाळी पुसली आणि तिथे काकांची खाट टाकली.

त्यानंतरचे काही आठवडे मी आजही मनात वेगळे काढून ठेवले आहेत.

काका पहाटे उठायचे. मी उठायच्या आत चहा झालेला असायचा, फार गोड. त्यांना स्वयंपाक येत होता आणि मला फारसा येत नव्हता. त्या डब्यातल्या पिठाच्या पोळ्या आम्ही बरेच दिवस खाल्ल्या. ते मला ‘सांबार आण’ म्हणायचे. इतकी वर्षं हैदराबादला राहून मी पहिल्या वेळी डाळीचं सांबार डोळ्यापुढे आणलं, मग आठवलं की आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आई म्हणायची. जेवताना ते बोलायचे. खाणीच्या गोष्टी, कोळशाच्या धुळीने काळ्या झालेल्या उशा, पावसाळ्यात खाणीच्या उतारावरून डंपर घसरायचा ती भीती. मी लंडनच्या माणसांशी बोलत असताना बाहेरून त्यांचा आवाज यायचा, “पोरी, भाजीले मीठ कमी आहे का, पाहून घे.” मी घाईने माइक बंद करायचे. नंतर नंतर बंद करणं सोडून दिलं.

संध्याकाळी मी लॅपटॉप मिटला की घरात कोणीतरी असायचं. एवढीच गोष्ट. पण तिची सवय फार लवकर लागली.

पाणी आल्यानंतरच्या आठवड्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझी चौकशी झाली. मी सुखरूप आहे कळल्यावर आमच्या प्रमुख बाई जरा थांबून म्हणाल्या की तू त्याच भागात आहेस, तर घरोघर पाणी किती चढलं होतं याची मापं घेता येतील का? त्यांना विचारताना अवघड वाटत होतं ते दिसत होतं. पण आमच्या धंद्यात अशी मापं क्वचित मिळतात. पूर येऊन जातो, लोक भिंती धुतात आणि पाणी कुठवर होतं हे पुढे कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी मी टेप घेऊन एकटीच निघाले आणि दोन घरांनंतर परत आले. लोकांना वाटत होतं मी सरकारी आहे. एका बाईंनी मला ओढतच आत नेलं, कपाट दाखवलं, गादी दाखवली आणि विचारलं, मदतीच्या यादीत नाव कधी लागेल? दुसऱ्या घरी दारच उघडलं नाही.

काकांनी चपला घातल्या. “मी येतो संगं.”

काका सोबत असले की दारं उघडायची. कारण ते फाटकातूनच हाक मारायचे आणि ती तीन घरं पलीकडे ऐकू जायची. आत गेल्यावर पहिलं वाक्य ते स्वतः बोलायचे. “हे पोरगी काही देत नाई बरं. सरकारची नाई, कोणाची नाई. फक्त मापून राहिली. मापू द्यायचं असन त मापू द्या.” एवढं सांगितल्यावर काही माणसं हसायची, आणि आश्चर्य म्हणजे बहुतेक सगळी आत घ्यायची.

भिंतीवर पाण्याची रेघ असते. खाली मळकट, वर मूळ रंग, मधे सुरीने कापल्यासारखी कड. मी टेपचं एक टोक फरशीला लावायचे, काका दुसरं टोक रेघेला धरायचे, मी आकडा टॅबवर लिहायचे. मग घर कशाचं, जोतं किती उंच, काय काय भिजलं. हे सगळं मला चटकन उरकायचं होतं. पण कोणाकडेच ते चटकन होत नव्हतं. शिवणाचे क्लास घेणाऱ्या एका बाईंनी माप घेऊ दिलं आणि मग एकेक मशीन फिरवून दाखवायला लागल्या, कोणतं फिरतं आणि कोणतं अडकतं. काका खाली बसून मशीनच्या चाकात तेल सोडायला लागले. आम्ही तिथे तासभर होतो. लग्नपत्रिका छापणाऱ्या एकाच्या घरी पत्रिकांचे गठ्ठे फुगून दारात पडले होते. त्याने सुकलेल्यातली एक मला दिली, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. एका घरात माणूस म्हणाला पाणी पंख्यापर्यंत होतं. रेघ कमरेपाशी दिसत होती. मी काही बोलणार तेवढ्यात काका म्हणाले, “अंधारात तेवढंच वाटते बाप्पा. मलेही वाटलं होतं.” त्या माणसाने मान हलवली. मी रेघेचा आकडा लिहिला.

आणि एका घरी रेघच नव्हती. नुकतं लग्न होऊन आलेली मुलगी होती, एकटीच घरात. तिने भिंत घासून, वरून चुना मारून घेतला होता.

“कुठपर्यंत होतं पाणी?” मी विचारलं.

“आता नाही आहे ना,” ती म्हणाली. “मी पुसून टाकलं. मला रोज बघायचं नव्हतं ते.”

मी त्या घराची ओळ रिकामी सोडली. बाहेर आल्यावर काका म्हणाले, “बरं केलं तिनं.” मला ऑफिसच्या दृष्टीने ते बरं वाटलं नव्हतं.

शेवटी आम्ही आमच्याच इमारतीत आलो. काकांच्या घराचं माप घ्यायचं राहिलं होतं. गाळ काढून झाला होता, सगळ्या खोल्या मोकळ्या, आवाज घुमत होता. त्यांनी रेघेला टेप धरला, मी लिहिलं. मग ते माझ्या खांद्यावरून टॅबमध्ये डोकावले.

“माह्या घराले किती मार्क दिले?”

मी नुकसानीची टक्केवारी सांगितली.

“पास का नापास?”

“तसं नसतं काका.”

“असते वं,” ते म्हणाले, आणि भिंतीवरून हात फिरवत राहिले. त्या भिंतीला काकूंनी पसंत केलेला रंग होता, एवढंच त्यांनी सांगितलं.

रस्ते सुरळीत झाल्यावर मुलगा आला. समजूतदार माणूस, हळू बोलणारा. त्याने खालचं घर बघितलं, माझे आभार मानले, आणि मग वडिलांना म्हणाला, “बाबा, आता पुण्याला चला. दरवर्षी ही धास्ती नको.” काका एवढी वर्षं त्याला नाही म्हणत आले होते. मला वाटलं, याही वेळी म्हणतील. ते म्हणाले, “पाहू.”

त्या संध्याकाळी काका गच्चीवर वाळत घातलेला गादीतला कापूस गोळा करत होते. मी मदतीला गेले. मुलगा सामान न्यायच्या गाडीची चौकशी करायला बाहेर गेला होता. मी बरंच मनात जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच.

“काका, तुम्ही इथेच राहा ना. वर. माझ्याकडे.”

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगितलं. त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.

“तुही माय आजारी होती ना,” ते म्हणाले, “तवा रोज सकाळी मी इथं पाणी पाहाले यायचो, टाकीतलं. रोज दोन-तीन चादरी वाळत दिसत. रोज. पावसातही दिसत. मी तुह्या काकूच्या वक्ती ते केलं, मले माहीत आहे चादरी काहून धुवा लागते.”

मी कापूस गोळा करत राहिले.

“आता मी म्हातारा झालो. उद्या पडलो, त कोण उचलन मले? तूच ना? पुन्हा ते सगळं करशीन तू?”

“करीन.”

“हाव, करशीन,” ते म्हणाले. “म्हणूनच जाऊन राहिलो.”

मग त्यांनी कापसाचं गाठोडं बांधलं. त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि आम्ही ते खाली आणलं. त्या रात्रीचं जेवण आम्ही तिघांनी केलं. काकांनी वांग्याचं भरीत केलं होतं. मुलाने विचारलं की तुमच्या मॉडेलप्रमाणे इथे पुन्हा पाणी कधी येईल? मी सांगणार होते, पण काकाच म्हणाले, “ते तिले समजत नाई. किती वक्ती येईन, तेवढं समजते.” त्यांनी ते अगदी बरोबर सांगितलं. माझ्या कामाबद्दल एवढं बरोबर माझ्या नातेवाइकांतही कोणी सांगितलेलं नाही.

ते गेले त्या सकाळी मी फाटकापर्यंत गेले. गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली, काहीतरी सांगायचं होतं असं वाटलं. पण गाडी सुरू झाली, इंजिनच्या आवाजात त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी वर आले. आईच्या खोलीतली खाट तशीच होती. दार मी लावलं नाही, पण खोलीत जायलाही मला बरेच दिवस लागले. चहा पुन्हा माझ्या हातचा, कमी गोड. आणि घरातला तो मोठा आवाज नाहीसा झाल्यावर जी शांतता आली ती आधीच्या शांततेपेक्षा वाईट होती. आधी मला ती ऐकू येत नव्हती.

आमच्या मापांचं पुढे काय झालं, तेही सांगते. ती मॉडेलमध्ये गेली. नागपूरच्या त्या भागात पाणी कसं शिरतं ते आम्ही थोडं सुधारलं. गल्लीच्या तोंडाने येणारं पाणी आता नकाशातही तिथूनच येतं. जोत्याची उंची आणि नुकसान यांचा संबंध दाखवणारी आमची एक वक्ररेषा किंचित हलली. प्रमुख बाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मला बरं वाटलं. शिवणकामवाल्या बाईंना हे जाऊन सांगावं असंही वाटलं, पण काय सांगणार होते? त्यांच्या मशीनमुळे कुठेतरी एक रेघ हलली, हे कोणत्या शब्दांत सांगायचं ते मला जमलं नाही. आजही मी त्यांच्या दारावरून जाते तेव्हा त्या हात करतात आणि काकांबद्दल विचारतात.

पुढच्या हिवाळ्यात ऑफिसच्या कामाने मी पुण्याला गेले. काम झाल्यावर रविवारी काकांकडे गेले. उंच इमारत, लिफ्ट, दारावर त्यांच्या नातवाने चिकटवलेले कागदी मासे. मी वाटेत बरंच काही मनात रंगवून ठेवलं होतं. काका एका खोलीत बसून असतील, कोणाशी बोलायला नसेल, आपल्याला बघून त्यांना भरून येईल.

काका घरात नव्हते. खाली बागेत होते. सून म्हणाली, “ते आता दुपारीसुद्धा खालीच असतात. त्यांना एक वर्ध्याचे मित्र मिळालेत.” मी खाली गेले. एका बाकाभोवती चार-पाच म्हातारी माणसं पत्ते खेळत होती आणि काकांचा आवाज फाटकापासून ऐकू येत होता. मला बघून ते उठले, खूश झाले, सगळ्यांना माझी ओळख करून दिली. “हे माही नागपूरची. माह्या घरावर राहते. मले दांड्यानं उठवलं हिनं पुरात.” मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. त्या माणसांनी ती आधी ऐकलेली होती हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं, कारण पिठाचा डबा यायच्या आधीच ते हसायला लागले.

आम्ही थोडा वेळ बाजूला बसलो. त्यांनी गल्लीतल्या एकेकाची चौकशी केली. माझी केली. मी सगळं ठीक आहे म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं.

“जेवते का बरोबर?”

“हो.”

“कोणाशी बोलते का?”

“बोलते ना.”

पलीकडून कोणीतरी पत्ते वाटल्याची हाक मारली. काकांचं अर्धं लक्ष तिकडे गेलं. मी म्हटलं, “जा काका, तुमचा डाव थांबलाय.” ते म्हणाले, “तू बस, मी आलोच.” मी बसले. त्यांचा डाव लांबला. मी दुरून त्यांना बघत होते. मला खरंच आनंद झाला होता. त्यांची काळजी करायचं आता काही कारण नव्हतं. पण काळजी करायला माझ्याकडे तेवढा एकच माणूस होता.

सुनेने जेवायला थांबवलं. जेवण झाल्यावर काका मला लिफ्टपर्यंत सोडायला आले, फोन करत जा म्हणाले. मी करते. रविवारी. ते यंत्र घालायला विसरलेले असतात, म्हणून बोलणं फार होत नाही. ते त्यांचं सांगतात, मी हो-हो म्हणते, मग नातू फोन घेतो.

खालचं घर मुलाने भाड्याने दिलं. शिकवणी घेणारा कोणी आहे, तो तिथे फक्त खुर्च्या आणि लिहायचे फळे ठेवतो. संध्याकाळी दोन तास मुलांचा गलका होतो, मग कुलूप. त्यामुळे या इमारतीत आता सात वाजल्यानंतर मी एकटीच असते.

पुण्याहून परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मीटिंग सुरू होण्याआधी चौकोनांतली माणसं नेहमीसारखी एकमेकांना सुट्टी कशी गेली ते विचारत होती. कोणी डोंगर चढून आलं होतं, कोणाच्या मुलीचा वाढदिवस होता. मी अशा वेळी सहसा ‘घरीच होते’ म्हणते. त्या दिवशी मी म्हटलं, “पुण्याला गेले होते. घरच्या माणसाला भेटायला.”

“अरे वा,” लंडनची मुलगी म्हणाली. “कसे आहेत ते?”

“छान आहेत,” मी म्हटलं. “एकदम मजेत आहेत.”

मग प्रमुख बाईंनी पडद्यावर नकाशा लावला. कुठल्यातरी किनाऱ्यावरच्या वादळाचं काम नवीन आलं होतं. मी माझा माइक बंद केला आणि टिपणं घ्यायला लागले.